एका स्टुडिओच्या पीसीची फेरमांडणी: चार हार्ड डिस्क, दोन रायटर, एक कॅबिनेट

नाशिकमध्ये दहीपुलाजवळच्या गल्लीत तळमजल्यावर असलेल्या एका फोटो स्टुडिओचा हा पीसी. २०१३ मध्ये असेंबल केलेला: बी७५ चिपसेटचा मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय५, मागाहून १६ जीबीपर्यंत वाढवलेली रॅम. लग्न, मुंज, वास्तुशांत, दुकानांची उद्घाटनं असं वर्षभर काम चालतं. २०१५ च्या सिंहस्थातल्या नाशिकच्या तिन्ही पर्वण्यांचं, म्हणजे २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरचं, शूटिंगही याच डब्यात आहे. मशीन घेतलं तेव्हा आत ५०० जीबीची एक हार्ड डिस्क आणि एक डीव्हीडी रायटर, एवढंच होतं. पुढे डिस्क भरली की नवी आणायची, रिकामी खाच दिसेल तिथे सरकवायची आणि जी वायर पोचेल ती लावायची, असं चालत आलं. मी ते उघडलं तेव्हा आत २४० जीबीची एसएसडी, ५०० जीबी, १ टीबी, २ टीबी आणि ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क आणि दोन रायटर होते. सात जिन्नस. डिस्क आणि रायटर बोर्डाला साटा केबलीने जोडतात आणि बी७५ चे साटा पोर्ट सहा, म्हणून सातव्यासाठी दोन पोर्टचं एक स्वस्त कार्डही खोचलेलं.

तक्रार २ टीबीच्या डिस्कची होती. तिच्यावर चालू काम असतं. कामदा एकादशीच्या रथयात्रेचं एडिटिंग चालू असताना ती मध्येच गायब व्हायची, एक्स्पोर्ट अडकायचं, अर्ध्या मिनिटाने डिस्क आपली आपण परत यायची. कधी पीसी बंद करून चालू करावा लागायचा. त्यात भर म्हणजे रायटरवर डीव्हीडी निम्म्यात फेल होत होत्या आणि कॅबिनेट घुमत होतं.

स्टुडिओचे मालक साठीच्या पुढचे, गल्लीत सगळेच त्यांना काका म्हणतात. एडिटिंग मुलगा बघतो. काकांचा निकाल आधीच लागलेला होता. "आधीचा माणूस सांगून गेलाय, डिस्क गेली. नवी टाका आणि विषय संपवा."

मुलगा मात्र म्हणाला, "दादा, सकाळी काही होत नाही हो. दुपारी जेवणानंतर बसलो की हमखास उडते."

हे दुसरं वाक्य मला जास्त कामाचं वाटलं. नुसती डिस्क खराब असती तर तिने सकाळलाही सोडलं नसतं. दुपारी जे बदलतं ते डिस्कच्या बाहेर असतं: खोलीतली उष्णता, कामाचा प्रकार, वीज. आणि या तिन्हींचा डिस्कशी संबंध येतो तो ती कुठे आणि कशी बसवलीय त्यावरून. म्हणून नवी डिस्क आणायच्या आधी आतली मांडणी नीट बघून घ्यायची असं ठरवलं. काकांना ते तितकंसं पटलं नाही, पण नवी डिस्क आणायचा खर्च टळतोय म्हटल्यावर त्यांनी चहा सांगितला.

आतली परिस्थिती

कॅबिनेट नेहमीचं मिड टॉवर. वर सव्वापाच इंची तीन खाने, त्याखाली साडेतीन इंची डिस्कसाठी पाच खाचांचा पिंजरा. पिंजरा आडवा, म्हणजे डिस्कची कनेक्टरची बाजू उजव्या पॅनेलकडे येते. पुढच्या जाळीमागे १२० मिलिमीटरचा एक पंखा, पण तो पिंजऱ्याच्या खालच्या तीन खाचांसमोर. चारही डिस्क मात्र वरच्या चार खाचांत एकाखाली एक, मध्ये बोट शिरणार नाही अशा बसवलेल्या. पाचवी खाच, जिला सगळ्यात चांगली हवा मिळते, तिच्यात एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, उरलेल्या वायरींचा गुंता कोंबलेला. म्हणजे पंखा वायरींना वारा घालत होता.

वरून दुसरी खाच २ टीबीची. तिच्या डोक्यावर ५०० जीबी, पायाशी १ टीबी, दोन्ही ७२०० आरपीएमच्या. एसएसडी साटा केबलीला लटकत होती. तिच्यात फिरणारं काही नसल्यामुळे त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, फक्त तिचं धातूचं अंग बोर्डाला टेकू नये. वरचे दोन खाने रायटरचे. हा डबा टेबलाखाली थेट फरशीवर, त्यामुळे जाळीवर धुळीचा करडा थर बसलेला.

दुपारी तीनच्या सुमारास, काम चालू ठेवून, क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चारही डिस्कचे आकडे बघितले. खोलीत त्या वेळी ३८ अंश असतील. २ टीबीची डिस्क ५५ अंशांवर, तिच्या शेजारणी एकावन्न-बावन्नवर. बहुतेक डेस्कटॉप डिस्कला कंपनी ६० अंशांपर्यंत चालते म्हणून सांगते. उष्णतेने डिस्क मरतेच असं छातीठोक सांगणाऱ्यांशी मी फार वाद घालत नाही, पण २००७ मध्ये गुगलने आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा जो अभ्यास छापला त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला होता; जुन्या डिस्क आणि फार चढं तापमान असेल तिथेच तो ठळक दिसला. इथे डिस्क जुन्या होत्या आणि तापमान चढं होतं. ५५ वरून ६० ला जायला नाशिकचा एप्रिल पुरेसा आहे, त्यामुळे हा प्रश्न सोडवायचाच होता. पण डिस्क गायब होण्याचं ते कारण वाटत नव्हतं.

कारण त्याच सॉफ्टवेअरच्या यादीतल्या दुसऱ्या एका ओळीत होतं. त्या यादीत ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचताना अडकलेले आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर. २ टीबीच्या डिस्कवर दोन्ही शून्य. तबकड्यांची तब्येत ठणठणीत. मात्र सी७ ही ओळ फुगलेली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत दाखवतं, त्यामुळे '१एफ४' दिसलं की ते पाचशे असतात. सेटिंगमध्ये जाऊन दशमान करून घ्यावं, नाहीतर माणूस उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त राहतो.

सी७ मोजतं ते डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या प्रवासात बिघडलेल्या डेटाच्या खेपा. खेप बिघडली की ती परत पाठवली जाते. फारच बिघडायला लागल्या की विंडोज कंटाळून तो पोर्ट रिसेट करतं, आणि तेवढा वेळ डिस्क गायब दिसते. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडल्यावर १२९ क्रमांकाच्या, डिव्हाइस रिसेट केल्याच्या नोंदी ओळीने सापडल्या. सगळ्या दुपारच्या. सी७ चा आकडा एकदा वाढला की कमी होत नाही, त्यामुळे जुना आकडा किती आहे याला अर्थ नाही. आज वाढतोय का ते बघायचं.

पॅनेल उघडलं की आजार पळतो

पंधरा मिनिटं फाइल कॉपी करत ठेवली, आकडा हलला नाही. मुलगा हसला. "तुम्ही आलात की चालतं ते. मागच्या वेळी पण असंच झालं."

मागच्या माणसाच्या वेळीही पॅनेल उघडं होतं आणि आत्ताही. उजवं पॅनेल लावून स्क्रू आवळले, पुन्हा तीच फाइल लावली, आणि आकडा वाढायला लागला, तरी सावकाश. मग मुलाला विचारलं, दुपारी नेमकं काय काय चालतं? "एक्स्पोर्ट लावतो आणि डीव्हीडी रायटिंगला टाकतो. संध्याकाळी माणसं न्यायला येतात ना." रायटरमध्ये एक डीव्हीडी टाकून पूर्ण वेगात चालवली. अख्खं कॅबिनेट घुमलं आणि सी७ धावायला लागला. पॅनेल काढलं, थांबला.

आता प्रत्यक्ष जागा बघू. मदरबोर्डसोबत आलेली आखूड, सरळ तोंडाची साटा केबल २ टीबीच्या डिस्कला लावलेली होती. कुलपी पत्ती नसलेली, म्हणजे कनेक्टर फक्त घर्षणावर बसलेला. तो डिस्कमधून सरळ बाहेर येतो आणि त्याच्यासमोर दोन बोटांवर पॅनेल. पॅनेल लावलं की केबल कनेक्टरच्या मुळाशीच काटकोनात मोडत होती. निळ्या प्लास्टिकवर त्या घडीची पांढरी रेघ उमटली होती. पुढे तीच केबल आणखी तीन साटा केबली आणि पॉवरच्या वायरींबरोबर झिप टायने करकचून आवळलेली; कोणीतरी मनापासून सफाईदार काम केलं होतं. त्या टायचा ओढा थेट कनेक्टरवर येत होता. रायटर घुमला की पिंजरा हलायचा, केबल मात्र टायने धरून ठेवलेली, मग हलायचा तो मधला सांधा. दर हादऱ्याला संपर्क किंचित सुटायचा आणि बसायचा. साटाच्या ६ गिगाबिटच्या वेगाला एवढं पुष्कळ झालं.

वायरींचा नीटनेटकेपणा हल्ली फार बोकाळलाय असं माझं मत आहे. पॉवरच्या वायरी खुशाल बांधा. साटा केबली एकमेकींना चिकटवून आवळू नयेत, आणि वळवायच्या तर मोठ्या गोलाईने.

स्क्रू, वीज आणि चुकीचे पोर्ट

मग पिंजरा इतका का हलतो ते बघितलं. चारही डिस्क फक्त एका बाजूने आवळलेल्या, प्रत्येकीला दोनच स्क्रू, आणि त्यातलेही काही बारीक आट्याचे. साडेतीन इंची हार्ड डिस्कला जाड आट्याचा ६-३२ मापाचा स्क्रू लागतो आणि रायटरला बारीक आट्याचा एम३. दिसायला भाऊ-भाऊ. एम३ चा स्क्रू हार्ड डिस्कच्या भोकात सहज जातो, आवळल्यासारखा वाटतो, पण पकड घेत नाही. ओढला तर सरळ हातात येतो. उलट केलं, म्हणजे जाड स्क्रू रायटरमध्ये घुसवला, तर रायटरचे आटे कायमचे जातात. इथे दोन्ही प्रकार झाले होते. वरच्या रायटरचे दोन आटे गेलेले, तो एका स्क्रूवर तोललेला. डीव्हीडी पूर्ण वेगात मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फिरते. एका स्क्रूवर लटकणारा रायटर मग स्वतःही थरथरतो, म्हणून डीव्हीडी फेल होत होत्या, आणि खालच्यांनाही थरथरवतो.

विजेचं चित्र जास्त काळजीचं होतं. एसएमपीएसला साटा कनेक्टर असलेल्या दोन वायरी होत्या. एक तशीच गुंडाळून पाचव्या खाचेत. दुसरीच्या शेवटच्या कनेक्टरवर एक स्प्लिटर, त्याच्यावर चारही हार्ड डिस्क. हिशेब सोपा आहे. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १५ पिना असतात, त्यातल्या १२ व्होल्टच्या तीन, प्रत्येकी दीड ॲम्पिअरच्या. म्हणजे एका कनेक्टरमधून १२ व्होल्टवर साडेचार ॲम्पिअर. साडेतीन इंची डिस्क चालू होताना, तबकड्यांना वेग घेताना, १२ व्होल्टवर साधारण दोन ॲम्पिअर ओढते. चार डिस्क एकदम उठल्या की आठ. काही सेकंदांपुरतंच, पण दर सकाळी. स्प्लिटर साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा होता, ज्यात आतली वायर जरा सरकलेली असली तरी बाहेरून कळत नाही. मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून साटाला येणाऱ्या अशाच ओतीव कनेक्टरमध्ये शॉर्ट होऊन जळण्याचे प्रकार पुष्कळ झालेत. इथे तो जळला नव्हता, पण पांढरा कनेक्टर कडेने पिवळट तपकिरी पडला होता. तो काकांच्या हातात दिला. त्यांनी नाकाला लावून बघितला आणि "हे आधी काढा" एवढंच म्हणाले. त्यानंतर नव्या डिस्कचा विषय त्यांनी काढला नाही.

पोर्टची गंमत त्यामानाने निरुपद्रवी. बी७५ चिपसेटचा ६ गिगाबिटचा पोर्ट एकच असतो, बाकीचे पाच ३ गिगाबिटचे. त्या एकमेव वेगवान पोर्टवर रायटर लावलेला होता. १६ पट वेगाने चालणारी डीव्हीडी सेकंदाला जेमतेम २२ एमबी देते. तिला सर्वात जुना साटाही रिकामा रस्ता वाटेल. आणि एसएसडी, जी सेकंदाला पाचशेच्या आसपास देऊ शकते, ती ३ गिगाबिटच्या पोर्टवर अर्ध्या वेगात अडकलेली. दुसरा रायटर त्या स्वस्त कार्डावर. अशा काही कार्डांवर हार्ड डिस्क ठीक चालते पण रायटर कुरकुरतो.

काढायच्या आधी

इथपर्यंत दुखणं कळलं होतं. लगेच सगळं उपसायचा मोह होतो, पण दोन गोष्टी आधी बघाव्याच लागतात.

पहिली, मशीन नेमकं कशावरून उठतंय. विंडोज एसएसडीवर होतं, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'सिस्टम' हा शिक्का ५०० जीबीच्या जुन्या डिस्कवरच्या छोट्या पार्टिशनवर होता. एसएसडी टाकून विंडोज भरताना जुनी डिस्क काढून ठेवली नाही की इन्स्टॉलर बूटच्या फाइली जुनीवरच ठेवून मोकळा होतो. वर्षानुवर्षं कळत नाही. ज्या दिवशी जुनी डिस्क काढाल त्या दिवशी काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश येतो आणि सगळ्यांना वाटतं एसएसडी गेली. बीसीडीबूट कमांडने बूटच्या फाइली एसएसडीवर तयार केल्या, तिचं पार्टिशन ॲक्टिव्ह केलं, मग ५०० जीबीची केबल काढून मशीन उठतंय याची खात्री केली.

दुसरी, कोणता डेटा किती ठिकाणी आहे. ४ टीबीची डिस्क कॉपीसाठी घेतलेली, पण ती "भरली" म्हणून दोनेक वर्षांपासून कॉपी बंद होती. उघडून बघितलं तर २०४८ जीबी वापरात आणि उरलेले १६७८ जीबी काळ्या पट्टीखाली, कोणाच्याच नावावर नसलेले. डिस्कवरचे भाग नोंदवायच्या एमबीआर या जुन्या पद्धतीने ती तयार केली होती, आणि ती पद्धत ५१२ बाइटच्या सेक्टरांनिशी २ टीबीच्या पुढे बघूच शकत नाही. जीपीटी ही नवी पद्धत वापरायला हवी होती. काकांची समजूत होती की कंपनीने फसवलं. म्हणजे मधल्या काळातल्या लग्नांची एकच प्रत होती, आणि ती त्या थरथरणाऱ्या २ टीबीवर.

त्यातच ५०० जीबीची डिस्क तपासली. तिच्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. सी५ मध्ये आकडे होते. जिच्यावर आळ होता ती डिस्क निरोगी आणि जी गप्प बसली होती ती खरी आजारी. तिच्यावर जुनी लग्नं आणि सिंहस्थाचं काही शूटिंग. तिचा डेटा सर्वात आधी, बाकी काही न हलवता, बाहेरून लावलेल्या एका डिस्कवर उतरवला. दोन फाइली अडल्या, त्या ४ टीबीवरच्या जुन्या कॉपीत मिळाल्या. मग ४ टीबीवरचंही सगळं तिकडे नेलं, ती जीपीटी करून घेतली आणि परत भरली. यात मांडणीचं काम दोन दिवस पुढे गेलं. मुलगा वैतागला, पण त्याला इलाज नव्हता.

नवी मांडणी

डिस्क कुठे बसवायची हे ठरवताना लोक आकार बघतात, नाहीतर रिकामी खाच. मी विचारतो की यातली कोणती डिस्क आधी बाहेर काढावी लागणार आहे, आणि कोण काढणार आहे.

काकांना विचारलं, "पूर आला तर काय उचलाल?"

२ ऑगस्ट २०१६ चा पूर त्यांना चांगला लक्षात आहे. गोदाकाठावरचा दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं. "अख्खा सीपीयू उचलून पोटमाळ्यावर नेला होता आम्ही दोघांनी," ते म्हणाले. त्या वेळी मूळ आणि कॉपी दोन्ही त्याच डब्यात होत्या. पुराचं सोडा, एसएमपीएस बिघडून १२ व्होल्टच्या वायरीवर भलता दाब आला तर एका क्षणात दोन्ही जातात. एकाच डब्यातल्या कॉपीला बॅकअप म्हणणं मला पटत नाही.

म्हणून ४ टीबी पिंजऱ्यातून बाहेर आली. सव्वापाच इंची खान्यात बसणारा मोबाइल रॅक मिळतो, त्यात साडेतीन इंची डिस्क समोरून दार उघडून सरकवता येते. तो लावायला एक खाना हवा होता आणि दोन रायटर बसलेले. तिसरा खाना रिकामा होता खरा, पण त्याच्या मागच्या बाजूला एसएमपीएसच्या वायरींची दाटी, रॅकची लांबी मावत नव्हती. एक रायटर जायला हवा होता. काका यावर अडून बसले. सीडीवरून सीडी कॉपी करायच्या काळापासून दोन रायटर ही स्टुडिओची शान. "अजून मागतात हो डीव्हीडी. घरातली म्हातारी माणसं पेन ड्राइव्ह कुठे लावणार?" खरंय. पण डीव्हीडी मागतात म्हणून एक लागतो, दोन नाही. आटे गेलेला वरचा रायटर काढला. शाबूत असलेला सर्वात वरच्या खान्यात नेला, चारही एम३ स्क्रू लावून. वरच का, तर ट्रे बाहेर आला की टेबलाच्या पायाला आपटू नये आणि वाकावं लागू नये. त्याच्याखाली मोबाइल रॅक. बायोसमध्ये त्या पोर्टला हॉट प्लग, म्हणजे मशीन चालू असतानाच डिस्क काढता-घालता येण्याची सोय, चालू केलं. पोर्ट चालवायचा साटा मोड आधीपासून एएचसीआय होता म्हणून हे सोपं गेलं. जुन्या आयडीई मोडवर असता तर तो बदलल्याबरोबर विंडोजने बसकण मारली असती. आता शनिवारी कॉपी झाली की मुलगा डिस्क काढतो आणि घरी नेतो. रॅकचा छोटा पंखा डासासारखा गुणगुणतो, पण तो आठवड्यातून एकदाच चालतो.

पिंजऱ्यात उरल्या दोनच. २ टीबी तिसऱ्या खाचेत आणि १ टीबी, जिच्यावर अल्बमच्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या, फाइली आणि संगीत आहे, ती पाचव्या खाचेत. दोन्ही पंख्यासमोर, मध्ये एक खाच मुद्दाम मोकळी. या मोकळ्या खाचेचा आणखी एक फायदा झाला: काटकोनी तोंडाच्या केबली लावता आल्या. काटकोनी कनेक्टर खाली वळतो आणि डिस्क लगोलग असल्या तर खालच्या डिस्कच्या कनेक्टरवर येऊन बसतो, त्यामुळे आधी त्या लावणं शक्यच नव्हतं. आता केबल पॅनेलपासून मोकळी राहते. सगळ्या केबली कुलपी पत्तीच्या, अर्ध्या मीटरच्या, ढिल्या सोडलेल्या. साटाला एक मीटरपर्यंत चालतं, पण कॅबिनेटात तेवढी लागत नाही. डिस्कना दोन्ही बाजूंनी दोन-दोन जाड आट्याचे स्क्रू.

एसएसडी ६ गिगाबिटच्या पोर्टवर. पाच जिन्नस, सहा पोर्ट, म्हणून ते स्वस्त कार्ड निघालं. विजेसाठी एसएमपीएसच्या दोन्ही वायरी वापरल्या: एकीवर दोन हार्ड डिस्क, दुसरीवर रायटर, रॅक आणि एसएसडी. स्प्लिटर एकही नाही.

एक बारीकशी गोष्ट स्टुडिओवाल्यांना सांगायची राहून जाते. पोर्ट बदलले की विंडोज कधी कधी ड्राइव्हची अक्षरं बदलतं. कालची ई आज एफ झाली की एडिटिंग सॉफ्टवेअरमधले सगळे प्रोजेक्ट क्लिप हरवल्याचं सांगायला लागतात, आणि मुलाच्या पोटात गोळा येतो. म्हणून काम सुरू करायच्या आधीच डिस्क मॅनेजमेंटचा फोटो काढून ठेवला होता, नंतर तीच अक्षरं परत दिली. प्रत्येक डिस्कच्या पॅनेलकडच्या कडेवर तिच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे आणि विंडोजमधलं नाव मार्करने लिहिलं. स्टिकर लावायचा तर डिस्कवरचं हवेचं बारीक भोक झाकू नये. त्याच्याशेजारी तशी सूचना छापलेलीच असते.

कॅबिनेट फरशीवरून उचलून वीतभर उंच लोखंडी स्टँडवर ठेवलं. सराफ बाजाराकडून पाणी येतं तेव्हा वीतभर उंची पुरत नाही हे मलाही माहीत आहे आणि काकांनाही. ती मुख्यतः धुळीसाठी.

त्यानंतर

त्याच आठवड्यात दुपारच्या त्याच वेळी, तेवढ्याच उकाड्यात, २ टीबीची डिस्क ४४ अंशांवर होती. डीव्हीडी पूर्ण वेगात चालू ठेवून, पॅनेल लावून, तासभर एक्स्पोर्ट चालवला. सी७ जागचा हलला नाही. मे महिन्याच्या लग्नसराईत मुलाने ते आकडे मधून मधून बघितले, तेवढेच आहेत. डीव्हीडी फेल होणं थांबलं. घुमणं मात्र पूर्ण गेलं नाही. १ टीबीचा आवाज तिचा स्वतःचा आहे, बेअरिंग म्हातारं झालंय, रबरी वॉशर घालून थोडा कमी झाला इतकंच.

५०० जीबीची डिस्क काकांनी टाकू दिली नाही. तिचा सगळा डेटा दोन ठिकाणी आहे हे दाखवल्यावरही ती काउंटरच्या खणात गेली.

आता पुढच्या सिंहस्थासाठी ८ टीबीची डिस्क घ्यायचा त्यांचा विचार आहे आणि मुलाचा डोळा त्या मोकळ्या चौथ्या खाचेवर आहे. त्याला सांगितलंय, ती सोडून पहिलीत बसव. तिथे हवा कमी मिळेल, पण शेजारी कोणी नसेल. पॉवरच्या पहिल्या वायरीला एक कनेक्टर शिल्लक आहे आणि बोर्डावर एक पोर्ट. घेताना डिस्कची कड मात्र बघून घ्यायला हवी. मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्कना कडेचं मधलं भोक नसतं. या पिंजऱ्यात पुढचं आणि मधलं भोक जुळतं, मागचं नाही, त्यामुळे तशी डिस्क आली तर दर बाजूला एकच स्क्रू बसेल आणि पट्टी कापून नवी भोकं पाडावी लागतील.